चहाचे जपानी वाडगे: राकू, हागी, कारात्सु, शिनो यांपैकी पैसे कशावर घालावेत?

जपानी चहावाल्यांची एक जुनी क्रमवारी आहे: पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सु. माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड पाण्यात फेटून केलेला चहा, प्यायच्या हाती घडवलेल्या वाडग्यांची, म्हणजे चावानची, ही प्रतवारी अजूनही लोकांच्या तोंडी आहे आणि दुकानातल्या किमतीही साधारण तिच्याच मागून चालतात. चहा-समारंभाच्या खोलीत ती बरोबरच आहे. पण रोज सकाळी उठून एक वाडगा माचा फेटायचा, वाडगा विसळायचा, पुसायचा आणि फडताळात ठेवायचा, असा हिशेब असेल तर क्रम उलटा लागतो: आधी कारात्सु, मग हागी, राकू सगळ्यात शेवटी. शिनो या तिघांत नाही, त्याबद्दल पुढे थोडं आहे.

आधी वाडग्याचं काम काय ते पाहू, कारण बाजारातले बरेच वाडगे तिथंच नापास होतात. पातळ माचाला (उसुचा) 2 ग्रॅम पूड आणि 60 ते 70 मिलिलिटर पाणी लागतं, पाणी 80 अंशांच्या आसपास. दाट माचाला (कोइचा) माणशी 4 ग्रॅमच्या आसपास पूड आणि जेमतेम 30-40 मिलिलिटर पाणी. म्हणजे एवढ्या मोठ्या वाडग्यात प्यायला असतात ते तळाशी चार घोट. बाकीची सगळी जागा चासेनला, म्हणजे चहा फेटायच्या बांबूच्या फेटणीला, हलायला ठेवलेली. म्हणून तोंड 12 सेंटिमीटरच्या आसपास आणि उंची 7-8 सेंटिमीटर हे माप चालत आलं आहे. उन्हाळ्यातले वाडगे पसरट असतात, चहा लवकर निवावा म्हणून. कडाक्याच्या थंडीतले उभट, नळकांड्यासारखे. पहिलाच वाडगा घेताना ही दोन्ही टोकं सोडावीत. पसरटातून फेटताना माचा बाहेर उडतो आणि उभटात मनगट काठाला आपटतं.

आतून बोट फिरवून पाहायच्या जागा दोन. एक, तळाच्या वरचा गोल पट्टा, जिथं चासेनची टोकं घासत फिरतात. इथं धारदार कंगोरा किंवा खरखरीत खडे असतील तर चासेनचे काटे महिनाभरात मोडू लागतात आणि हिरव्या चहात बांबूच्या कुसळ्या सापडतात. दुसरी जागा तळ. तो बशीसारखा सावकाश गोल हवा. मधोमध उथळसा खळगा चालतो, तो मुद्दाम करतात. शेवटचा थेंब तिथं गोळा होतो. पण तळ नरसाळ्यासारखा निमुळता असेल तर चासेन तिथवर पोचतच नाही, पूड गुठळी होऊन बसते आणि शेवटचा घोट पिठासारखा लागतो. कॅफेंसाठी म्हणून जे खोल, अरुंद ‘माचा बाऊल’ विकले जातात, त्यांची खोड नेमकी हीच.

वजन 300 ते 400 ग्रॅमच्या दरम्यान असावं. वाडगा डाव्या तळव्यावर बसतो आणि उजवा हात नुसता आधार देतो. त्यामुळे वजन किती यापेक्षा ते कुठं आहे हे महत्त्वाचं. काठ जाड आणि बूड पातळ असेल तर 350 ग्रॅमचा वाडगाही हातात डोलतो.

आता कारात्सु. क्यूशू बेटावर सागा प्रांतात हे बंदराचं गाव आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी किशिदाके डोंगराच्या परिसरात इथल्या भट्ट्या पेटल्या. 1592 ते 1598 या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशीनं कोरियावर स्वाऱ्या केल्या, त्यांचा तळ इथल्याच किनाऱ्यावर होता, आणि परतणाऱ्या सरदारांनी कोरियन कुंभार सोबत आणले. पायानं ढकलायचं चाक आणि उतारावर एकामागे एक खोल्या चढत जाणारी नोबोरिगामा भट्टी, या दोन्ही गोष्टी कारात्सुनं कोरियन कुंभारांकडून घेतल्या आणि आजही टिकवल्या. माती वाळूमिश्रित, भरड, लोह असलेली. ती 1250 अंशांच्या पुढेमागे भाजली की अंग चांगलं घट्ट होतं. वापराच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट हीच. कारात्सुही थोडं पाणी पितो आणि वर्षानुवर्षं रंग बदलतो, पण ओल बाहेर येऊन टेबलावर चकती उमटण्याइतका तो सहसा पाझरत नाही.

कारात्सु पारखायचा तर तो आधी उलटा करावा. बुडाचं कडं, ज्याला कोदाई म्हणतात, तिथं कुंभाराचा हात उघडा पडतो. वाडगा चाकावर उठवल्यावर अर्धवट सुकू देतात, मग तो पालथा घालून पुन्हा चाकावर बसवतात आणि लोखंडी किंवा बांबूच्या पात्यानं चार-सहा फेऱ्यांत बूड तासून काढतात. माती भरड असल्यानं पातं तिला कापत जातं तशी ती किंचित फाटतही जाते आणि तासलेल्या जागी रेशमी क्रेपच्या कापडासारख्या बारीक सुरकुत्या उठतात. जपानीत याला चिरीमेन-जिवा म्हणतात. माती जास्त ओली असेल तर पातं तिला लिंपत जातं आणि सुरकुती उठत नाही. जास्त सुकली असेल तर नुसता भुगा पडतो. त्यामुळे त्या सुरकुत्या नीट उठलेल्या दिसल्या की समजावं, कुंभारानं नेमकी वेळ साधली. कड्याची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, चंद्रकोरीसारखी असेल तर तो दोष नाही. आतलं आणि बाहेरचं वर्तुळ वेगवेगळ्या मध्यावर तासलं गेल्यानं तसं होतं आणि जाणकार ते शोधून शोधून घेतात. बुडाजवळ ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, संपतं तिथं दोन-तीन बोटांचे कोरे ठसे दिसले तर तेही चांगलंच. वाडगा बुडाला धरून ग्लेझमध्ये बुचकळला, त्या पकडीच्या त्या खुणा.

प्रकार बरेच आहेत, कामाचे चार. ए-गारात्सुवर लोहाच्या रंगानं लव्हाळ्याचे, गवताचे चार फटकारे असतात आणि वर पातळ पारदर्शक ग्लेझ. मादारा-गारात्सुचं ग्लेझ भाताच्या पेंढ्याच्या राखेचं. पेंढ्यात सिलिका भरपूर असल्यानं ते सायीसारखं पांढरट होतं, त्यात कुठंकुठं निळसर झाक. चोसेन-गारात्सुत काळं आणि पांढरं ग्लेझ एकमेकांवर ओघळलेलं असतं. दिसायला जोरदार, पण ओघळ आतल्या पट्ट्यात जाड झाला असेल तर चासेनला अडतो. ओकु-गोराई म्हणजे जुन्या कोरियन वाडग्यांच्या वळणाचे साधे, नक्षी नसलेले. जाणकारांत मान त्यांना. हिरवा माचा सगळ्यात खुलतो तो मादारात. पहिला वाडगा मादारा किंवा ए-गारात्सु घ्यावा, चोसेन नंतर.

दोष कोणता धरायचा? मातीतला खडा भट्टीत फुटून बाहेर येतो, त्याभोवती चांदणीसारख्या चिरा दिसतात. पोटावर असेल तर शोभा म्हणून चालवून घेतात. काठावर किंवा चासेनच्या पट्ट्यात असेल तर वाडगा परत ठेवावा: ओठाला लागतो, आणि चीर तिथूनच वाढते. बुडाच्या कड्याला वाळूचे दाणे टोचत असतील तर पाण्यातल्या पॉलिश पेपरनं दोन मिनिटं घासावं, नाहीतर लाकडी टेबलावर ओरखडे ठरलेले.

आज कारात्सु जे दिसतं ते कुंभार बाराव्या नाकाझातो तारोउएमोन यांच्यामुळे (अशी नावं घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालतात). त्यांनी जुन्या भट्ट्यांच्या जागा खणून, खापरं गोळा करून विस्मरणात गेलेल्या पद्धती पुन्हा उभ्या केल्या आणि 1976 मध्ये त्यांना जपानचा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. त्यांचे पाचवे चिरंजीव नाकाझातो ताकाशी यांनी 1974 मध्ये र्यूतागामा ही वेगळी भट्टी काढली. भर रोजच्या जेवणाच्या भांड्यांवर, बडेजाव कमी. चावानसाठी हात आखडत असेल तर इथला किंवा कारात्सुतल्या एखाद्या तरुण कुंभाराचा चहाचा पेला, युनोमी, आधी घ्यावा. माती, ग्लेझ आणि भट्टी त्याच धर्तीची, किंमत चावानच्या काही हिश्शात. मे महिन्याच्या सुट्ट्यांच्या आसपास गावात मातीच्या भांड्यांची जत्रा भरते, तेव्हा पेले-वाडगे हाताळून घेता येतात. कारात्सुबद्दल तिथं म्हणतात, दहापैकी आठ हिस्से करणाऱ्याचे आणि दोन वापरणाऱ्याचे. हे दोन हिस्से रोजच्या वापरानंच भरतात.

हागी हा या सगळ्यांत जीव लावणारा आणि जीव खाणारा प्रकार. यामागुची प्रांतातलं हागी हे मोरी सरदारांचं गाव. कोरियाहून आणलेल्या री भावांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या आश्रयानं इथं भट्टी लावली. माती तीन ठिकाणची मिसळतात: दाइदो ही मुख्य, फिकट आणि वाळूसर, मिताके पांढरी, उष्णता झेलणारी, आणि मिशिमा बेटावरची लोहाची तांबडी. हे मिश्रण भट्टीत पूर्ण घट्ट होत नाही, अंग सच्छिद्रच राहतं. वर ग्लेझ निवताना मातीपेक्षा जास्त आकसतं, म्हणून त्यावर बारीक तड्यांची जाळी पडते. त्या जाळीतून चहा आत शिरतो, मातीत मुरतो आणि वाडग्याचा रंग वर्षानुवर्षं बदलत जातो. हागीची सात रूपं, असं कौतुकानं म्हणतात. कौतुक खरं आहे. पाच-दहा वर्षं वापरलेला हागी आणि कपाटातला कोरा हागी शेजारी ठेवले तर एकाच कुंभाराचे वाटत नाहीत.

पण हीच गोष्ट रोजच्या वापरात आडवी येते. नवा हागी पाझरतो. तो फुटका नसतो, तरी बुडाखाली ओलं कडं उमटतं आणि लोक घाबरून परत पाठवतात. त्यावरचा उपाय म्हणजे तांदळाचं धुवण. पातेल्याच्या तळाशी फडकं घालावं, वाडगा बुडेल इतकं दाट, गार धुवण ओतावं, मंद आचेवर 15-20 मिनिटं ठेवावं आणि त्याच पाण्यात पूर्ण निवू द्यावं. वाडगा गरम पाण्यात एकदम सोडायचा नाही, गरम असताना बाहेर काढायचाही नाही. पिठूळ कण छिद्रांत बसतात आणि पाझर कमी होतो. उरलेलं काम चहाच करतो. रोज वापरण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावा म्हणजे छिद्रं साध्या पाण्यानं भरतात आणि पहिलाच घोट मातीत जाऊन डाग पडत नाही.

धुताना साबण नको. साबणाचा वासही मुरतो आणि आठवडाभर प्रत्येक घोटात येतो. वापर झाल्याबरोबर गरम पाण्यानं हातानंच चोळून धुवावा, पुसावा आणि बूड वर करून वाऱ्याला ठेवावा. कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत आतून सुकतो. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाही पुरत नाही. ओलसर हागी पेटीत घालून बंद केला की बुडावर आणि तड्यांत काळे-करडे ठिपके येतात, ती बुरशी. अशा वेळी गार पाण्यापासून सुरू करून दहा मिनिटं साधी उकळी द्यावी आणि दोन-तीन दिवस कडक ऊन. क्लोरीनचं ब्लीच घालू नये, ते मातीत बसतं ते निघता निघत नाही. पावसाळ्यात हागी पेटीत ठेवूच नये, उघड्या फळीवर ठेवावा. आणि दुधाचा चहा त्यात कधीही ओतू नये. दुधाची चरबी छिद्रांत शिरली की आंबूस वास येतो आणि त्याला उकळीही पुरत नाही. घरात पाणी बोअरवेलचं, जड असेल तर जाळीच्या रेषा हिरव्या-तपकिरी व्हायच्या ऐवजी पांढुरक्या होतात. त्यापेक्षा वाडगा भिजवायलासुद्धा गाळलेलं पाणी घेतलेलं बरं.

हागीच्या बुडाच्या कड्याला बहुधा एक खाच दिसते. मोरींच्या वापरातल्या मालाला मुद्दाम खाच पाडून ‘सदोष’ ठरवायचे, म्हणजे तो सामान्यांना विकता यायचा, अशी गोष्ट दुकानात हमखास ऐकवतात. गोष्ट गोड आहे, पण खाचेचे वाडगे त्याआधी कोरियातही होत होते. खाच नसलेला हागी खोटा ठरत नाही आणि खाच असलेला खराही ठरत नाही.

नावाजलेल्या घराण्यांत मिवा हे मोठं. दहावे क्यूसेत्सु (1970) आणि त्यांचे धाकटे भाऊ अकरावे क्यूसेत्सु (1983) हे दोघंही ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ झाले. पेंढ्याच्या राखेचं त्यांचं दाट पांढरं ग्लेझ त्या घराण्याच्याच नावानं ओळखलं जातं. अकराव्यांनी मातीत जाडीभरडी वाळू घालून केलेले ‘ओनी-हागी’ म्हणजे राक्षसी हागी. नावाप्रमाणेच, आणि ते संग्रहालयात पाहावेत. वापरायला गावातल्या एखाद्या छोट्या भट्टीचा साधा, फिकट पिवळसर-गुलाबी हागी घ्यावा. कुंभाराच्या हातचा चावान साधारण दहा हजार येनच्या आसपासपासून मिळू लागतो. त्याच किमतीत बरा राकू मिळत नाही.

राकूकडे वळायचं तर एक गैरसमज आधी काढायला हवा. पुण्या-मुंबईच्या पॉटरी स्टुडिओंत ‘राकू वर्कशॉप’ होतात. लालबुंद भांडं चिमट्यानं काढून भुशाच्या किंवा कागदाच्या डब्यात टाकतात, धूर होतो, तांब्यासारखी झळाळी आणि काळे तडे येतात. ही 1960 च्या दशकात अमेरिकेत रुळलेली पद्धत. तिच्यातून निघालेली भांडी शोभेची, त्यात चहा पिऊ नये. क्योतोच्या राकूत हे धुराचं काम नाही.

क्योतोचा राकू चोजिरो या कुंभारानं सोळाव्या शतकात चहागुरू सेन नो रिक्यू (1522-1591) यांच्या सांगण्यावरून घडवला आणि ते घराणं आजही चालू आहे. सध्याचे सोळावे राकू किचिझाएमोन 2019 मध्ये गादीवर आले. इथं चाक नाही. मातीची जाड चकती तळहातांनी हळूहळू वर वळवून भिंत उभी करतात, अर्धवट सुकल्यावर आतून-बाहेरून खरवडून आकार काढतात. काळ्या राकूच्या ग्लेझसाठी कामो नदीतला दगड कुटतात आणि पुटावर पूट चढवत जातात, प्रत्येक पूट सुकवून. मग कोळशाची भट्टी, भाता आणि एका वेळी एकच वाडगा. ग्लेझ वितळलं की सांडशीनं धरून तो लालबुंद असतानाच बाहेर काढतात. बाहेरच्या हवेत झटक्यात निवतो आणि काळा होतो. अंगावर सांडशीचा ठसा उरतो, तो पाहून घ्यावा. तांबडा राकू याहून कमी आचेवर भाजतात आणि तो आणखी मऊ असतो.

हातात घेतल्यावर राकूसारखं दुसरं काही नाही, हे मान्यच. माती कमी भाजलेली, हवा धरून ठेवणारी. चहा गरम राहतो आणि तळव्याला चटका न बसता नुसती ऊब लागते. काठ ओठाला मऊ लागतो. कोइचासाठी हा वाडगा बनला आणि कोइचा त्यातच प्यावा. पण अंग कच्चं असल्यानं नळाला टेकला तरी टवका उडतो. उकळी चालत नाही, तांदळाच्या धुवणाचा उपाय चालत नाही, तास न् तास भिजवणंही नाही. वापरण्याआधी कोमट पाणी दोन-तीन मिनिटं, झाल्यावर लगेच विसळून पुसणं, आणि हागीइतकंच सावकाश सुकवणं. टिचकी मारून आवाज ऐकायची सवय असेल तर ती इथं सोडावी. राकूचा आवाज मुळातच बद्द येतो आणि टिचकीनं मिळायची ती चीरच.

मुख्य घराण्याचा नवा वाडगा सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. दोन पर्याय खरे आहेत. क्योतोजवळ कामेओकातले सासाकी शोराकु यांचे काळे-तांबडे राकू चहा शिकणारे लोक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. किंमत जड, पण समजण्यासारखी. दुसरा पर्याय कानाझावाची ओही भांडी. 1666 मध्ये राकूच्याच परंपरेतला कुंभार तिथं गेला आणि तिथली खूण ठरलं ते गुळाच्या पाकाच्या रंगाचं ग्लेझ. हिरवा माचा त्या रंगावर काळ्यापेक्षा उबदार दिसतो. विकत घ्यायचं नसेल तर क्योतोतलं राकू संग्रहालय पाहावं. आगाऊ नोंदणी केली तर तिथं काही दिवशी खरा वाडगा हाताळायला मिळतो, आणि काचेबाहेरून पाहून न कळणारी गोष्ट, म्हणजे वजन कुठं आहे ती, तेव्हा कळते.

शिनोबद्दल थोडक्यात. गिफू प्रांतातल्या मिनो भागातलं हे काम. फेल्डस्पार या खनिजाचं जाड पांढरं ग्लेझ, त्यावर सुईच्या अग्रासारखी छिद्रं आणि काठाशी विस्तवाची तांबूस झाक. मधली कित्येक शतकं लोक हे सेतो या दुसऱ्या कुंभारगावाचं समजत होते. 1930 मध्ये कुंभार आराकावा तोयोझो यांना मिनोतल्या एका पडक्या भट्टीवर खापर सापडलं आणि शिनो इथलंच हे सिद्ध झालं. जपानात घडलेले दोनच चहाचे वाडगे राष्ट्रीय संपत्ती म्हणून नोंदलेले आहेत: कलावंत होनामी कोएत्सुचा ‘फुजिसान’ आणि शिनोचा ‘उनोहानागाकी’. दुसरा तोक्योच्या मित्सुई स्मृती संग्रहालयात आहे. वापराचं म्हणाल तर शिनो जड, जाड, थंडीचा वाडगा. छिद्रांत माचाची पूड अडकते आणि मऊ ब्रशनं रोज काढावी लागते. दुसरा किंवा तिसरा वाडगा म्हणून उत्तम.

मिनोतच कारखान्यांचे वाडगेही प्रचंड प्रमाणात होतात. दोन-चार हजार येनचा साच्यातला वाडगा वाईट नाही. शिकताना तोच घ्यावा, पाझरत नाही, चिंता नाही. फक्त त्याला हातचा म्हणून किंमत देऊ नये. ओळखायचं असं: एकाच मालाचे दोन-तीन फोटो शेजारी ठेवावेत. ग्लेझचा ओघळ किंवा ब्रशचा फटकारा प्रत्येकावर त्याच जागी, त्याच लांबीचा असेल तर ती छपाई. बुडाचं कडं सगळीकडून सारखं आणि कड्याच्या आतही गुळगुळीत असेल तर साचा. ‘जपानी शैली’ असा शब्दप्रयोग दिसला तर तो वाडगा जपानचा असेलच असं नाही.

हातचा वाडगा बहुधा किरी लाकडाच्या हलक्या पेटीत येतो. झाकणावर शाईनं भांड्याचं आणि कुंभाराचं नाव, खाली लाल शिक्का. ही पेटी कुंभाराच्या स्वतःच्या अक्षरातली असेल तर वाडग्याची पुढची किंमत टिकते. पेटी हरवली तर जुन्या बाजारात भाव सपाटून पडतो. आत पिवळं कापड असतं, ते मूळ हळदीनं रंगवायचे, किडे लागू नयेत म्हणून. आता बहुतेक नुसता पिवळा रंगच असतो आणि तो ओल्या वाडग्याला लागतो, तेव्हा पहिल्यांदा एकदा धुऊन घ्यावं. एखाद्या चहागुरूनं पेटीवर लिहून वाडग्याला नाव दिलं असेल तर किंमत कितीतरी पट होते. चहा फेटायला त्या लिखाणाचा उपयोग शून्य. समारंभ शिकत नसाल तर त्याचे पैसे मोजू नयेत.

टवका उडाला तर किंत्सुगी, म्हणजे लाख आणि सोन्यानं सांधायची जपानी पद्धत. आजकाल किटमध्ये इपॉक्सी आणि सोनेरी पावडर मिळते. ती शोभेच्या भांड्याला ठीक, गरम चहाच्या काठाला नाही. खरं काम उरुशी लाखेचं: पिठात मिसळलेल्या लाखेनं तुकडे जोडायचे, बारीक मातीच्या लाखेनं खड्डे बुजवायचे, घासायचं, वर लाखेची पुटं आणि शेवटी सोन्याची पूड. प्रत्येक थर दमट हवेत, 70 ते 80 टक्के आर्द्रतेत घट्ट होतो, म्हणून आठवडे लागतात. हागीला बुरशी आणणारा मुंबईचा पावसाळा या कामाला मात्र फार मानवतो. सावध इतकंच, कच्ची उरुशी ही बिब्ब्याच्याच कुळातली आहे. बिब्बा उतणाऱ्यांनी हातमोजे न घालता तिच्या वाटेला जाऊ नये.

जपानातून मागवताना विक्रेत्याकडे पाच गोष्टी मागाव्यात: बुडाचा फोटो, आतल्या तळाचा वरून काढलेला फोटो, वजन, तोंडाचं आणि उंचीचं माप, आणि पाणी भरल्यावर पाझरतो का याचं सरळ उत्तर. शेवटच्या प्रश्नाला जो विक्रेता ‘थोडा पाझरतो, महिनाभरात कमी होईल’ असं म्हणतो, त्याच्याकडून घ्यावं. विमा घ्यावाच, आणि कस्टम्सचा खर्च वाडग्याच्या किमतीत आधीच धरावा. पार्सल आल्यावर वाडगा दिवसभर घरच्या तापमानाला ठेवावा, मग कोमट पाण्यानं धुवावा, नंतर वर्तमानपत्रावर ठेवून अर्धा भरेल इतकं साधं पाणी ओतून तासभर पाहावं. कारात्सुखाली कागद कोरडा किंवा जेमतेम दमट असावा. हागीखाली ओला झाला तर तक्रार करू नये, धुवणाचं पातेलं चढवावं. पाण्याची रेघ पोटावरून एका बाजूनं खाली येत असेल तर ती चीर आहे, तिचा फोटो त्याच दिवशी पाठवावा. राकूवर ही चाचणी करू नये.